शब्दचर्चा : ‘प्रोटेस्ट’ करणे म्हणजे काय?

गुहागर तालुक्यातील हेदवी या गावाहून एका वाचक भगिनींनी विचारलेला प्रश्न या महिन्याच्या चर्चेसाठी घेतला आहे. त्या चार दिवस माहेरी आल्या आहेत. वडिलांच्या पश्चात नारळी-पोफळीचे आगर व हापूसची कलमे भावांच्या नावे व्हावीत, आणि त्यासाठी बहिणींनी हक्कसोडपत्रावर सह्या कराव्यात, असे घरात चालले आहे. भावांशी भांडावे असे त्यांच्या मनात नाही. परंतु ‘बहिणींनी राजीखुशीने हक्क सोडला’ हे जे वाक्य कागदावर यावयाचे आहे, ते त्यांना पटत नाही. कारण तुम्ही राजी आहात काय, असे त्यांना कोणी विचारलेलेच नाही. महाविद्यालयात शिकणारा त्यांचा भाचा म्हणाला, “आत्या, तू अंडर प्रोटेस्ट सही कर.” भगिनी विचारतात : हे इंग्रजी क्रियापद नेमके काय सांगते? प्रोटेस्ट करणे म्हणजे भांडणे काय? आणि त्याला मराठीत ‘निषेध करणे’ म्हणावे, तर सख्ख्या भावाविषयी तो शब्द जिभेवर येत नाही. मग म्हणावे तरी काय?

प्रश्न वरवर शब्दाचा आहे, पण त्याच्या पोटात घरचा व्यवहार आहे. भगिनींची जीभ जेथे अडखळली, तेथेच या शब्दाचे मर्म आहे असे आम्हांस वाटते. म्हणून आधी इंग्रजी शब्दाची कुळकथा पाहू, मग आपल्या शब्दांकडे वळू, आणि शेवटी सहीच्या प्रश्नाकडे येऊ.

‘प्रोटेस्ट’ हा शब्द फ्रेंच भाषेतून पंधराव्या शतकाच्या सुमारास इंग्रजीत आला. त्याचे मूळ लॅटिन भाषेत आहे. ‘प्रो’ म्हणजे पुढे, समोर, उघडपणे. आणि ‘टेस्टारी’ म्हणजे साक्ष देणे. ‘टेस्टिस’ म्हणजे साक्षीदार. तेव्हा प्रोटेस्ट करणे याचा धात्वर्थ चारचौघांसमोर उघड साक्ष देणे, एवढाच आहे. त्यात विरोध नाही, संताप नाही, घोषणा तर नाहीच नाही. ‘टेस्टिस’ या शब्दाची भाषाशास्त्रज्ञ आणखीही फोड करतात. त्यात ‘तीन’ आणि ‘उभे राहणे’ अशी दोन बीजे आहेत. दोघांच्या व्यवहारात जो तिसरा जवळ उभा असतो, तो साक्षीदार. आपल्या ‘तिऱ्हाईत’ या शब्दातही तोच तिसरा दडलेला आहे. संस्कृतातील ‘साक्षी’ या शब्दाने मात्र उभे राहण्यावर भर न देता डोळ्यांवर दिला आहे; ज्याने प्रत्यक्ष पाहिले तो साक्षी, असा त्याचा अर्थ पाणिनीने लावला आहे. रोमन मनुष्याने साक्षीदाराची जागा पाहिली, आपल्या पूर्वजांनी त्याची दृष्टी पाहिली.

याच कुळातील इतर इंग्रजी शब्द आपल्या मुलांना शाळेत भेटत असतात. ‘अटेस्ट’ म्हणजे साक्षांकित करणे. ‘टेस्टमेंट’ म्हणजे साक्षीदारांसमोर केलेले मृत्युपत्र. ‘कॉन्टेस्ट’ म्हणजे मुळात दोन्ही पक्षांनी साक्षीदार बोलावून दाव्यास उभे राहणे. आज त्याचा अर्थ स्पर्धा असा झाला आहे. ‘डिटेस्ट’ म्हणजे देवाला साक्षी ठेवून शाप देणे, आणि त्यावरून तिटकारा करणे. मात्र परीक्षा या अर्थाची ‘टेस्ट’ या कुळातली नव्हे. ती मातीच्या भांड्याच्या नावावरून आली. त्या भांड्यात सोनेचांदी तापवून कस पाहात असत. आडनाव एक म्हणून गोत्र एक, असे मानण्याची घाई शब्दांच्या बाबतीतही करू नये.

साक्ष हा मूळ अर्थ इंग्रजीत पुष्कळ काळ जिवंत होता आणि एका कोपऱ्यात आजही आहे. एखाद्या आरोपीने ‘आपल्या निर्दोषतेचा प्रोटेस्ट केला’ असे इंग्रज लिहितो, तेव्हा आरोपी निर्दोषतेच्या विरुद्ध नसतो. ‘मी निर्दोष आहे’ असे तो शपथेवर निक्षून सांगत असतो. शब्दकोशातील पहिला प्रतिशब्द उचलून एखाद्या विद्यार्थ्याने येथे ‘त्याने आपल्या निर्दोषतेचा निषेध केला’ असे भाषांतर केले, तर त्या बिचाऱ्या आरोपीचा खटला तेथेच बुडाला म्हणावयाचा! शेक्सपिअरच्या ‘हॅम्लेट’ नाटकात, ज्याचे भाषांतर गोपाळ गणेश आगरकरांनी ‘विकारविलसित’ या नावाने १८८३ मध्ये प्रसिद्ध केले, राणी एका नाटकातले नाटक पाहताना म्हणते की, ही बाई जरा अतीच प्रोटेस्ट करते. आज पुष्कळ लोक त्याचा अर्थ ‘ती फार नाकारते आहे’ असा घेतात. राणीचा आशय वेगळा आहे. रंगमंचावरील ती स्त्री नवऱ्यावरील निष्ठेच्या शपथांवर शपथा घेत आहे, आणि त्या शपथांचा अतिरेक राणीला खटकतो आहे.

मग साक्षीतून विरोध निघाला कसा? त्याचा मार्ग व्यापाऱ्याच्या पेढीवरून आणि बंदराच्या धक्क्यावरून गेला. विनिमयपत्र, म्हणजे विलायती पद्धतीची हुंडी, ज्याच्यावर लिहिली त्याने ती सकारली नाही, तर धनकोने काय करावे? त्याने नोटरीकडे जावे, आणि नोटरीने लेख करावा की, अमक्या दिवशी हे पत्र अमक्यास दाखविले, पैसे मागितले, त्याने असे उत्तर दिले. या लेखालाच ‘प्रोटेस्ट’ म्हणतात. आपल्याकडील १८८१ च्या निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स अॅक्टात कलम ९९ व १०० यांत हीच पद्धत सांगितलेली आहे. लक्षात घेण्यासारखी गोष्ट अशी की, या लेखात ऋणकोला एकही कठोर शब्द नसतो. काय घडले एवढेच त्यात असते. पण तो वेळेवर केला म्हणजे पुढे ‘मला कळविलेच नाही, मागितलेच नाही’ असे म्हणण्याची सोय कोणाला उरत नाही.

जहाजांचीही तीच रीत. वादळात सापडून माल भिजला, तर जहाजाचा कप्तान बंदरात उतरताच नोटरीपुढे आपली हकीकत नोंदवितो : अमक्या दिवशी निघालो, अमक्या ठिकाणी असे वारे सुटले, असा समुद्र उसळला, आम्ही असे असे केले, तरी नुकसान झाले. या निवेदनाचे नाव ‘सी प्रोटेस्ट’. यात प्रतिपक्ष कोण? वारा आणि लाटा! त्यांना कोण अडविणार आणि कोण धमकावणार? परंतु दोष आपला नव्हता हे कप्तानाने स्मरण ताजे असताना, अधिकारी मनुष्यासमोर, लिहून ठेवले, हेच महत्त्वाचे. हेदवीच्या किनाऱ्यावर बामणघळ आहे. भरतीचे पाणी त्या चिंचोळ्या घळीत घुसते आणि मोठ्या आवाजाने उंच उडते. आवाजच मोजावयाचा तर त्या घळीइतका प्रोटेस्ट कोणी करीत नसेल. पण कप्तानाचा चार ओळींचा लेख वर्षानंतरही न्यायालयात बोलतो, आणि त्या गर्जनेची खूण ओहोटीबरोबर पुसली जाते.

राजकारणात या शब्दाला मोठेपण मिळाले ते १५२९ साली. जर्मनीत ऱ्हाइन नदीकाठच्या श्पायर या नगरीत साम्राज्याची सभा भरली होती. १५२६ च्या सभेने धर्मसुधारणेच्या बाबतीत प्रत्येक संस्थानिकाला काही मोकळीक दिली होती. १५२९ मध्ये बहुमताने ती काढून घेतली. तेव्हा सहा राजे व चौदा नगरे यांनी लेखी निवेदन सादर केले की, सदसद्विवेकाच्या प्रश्नात बहुमताचा निर्णय आम्हांवर बंधनकारक नाही. त्या लेखाचे नाव ‘प्रोटेस्टेशन’, आणि त्यावरून पुढे एका संबंध पंथाला ‘प्रोटेस्टंट’ हे नाव पडले. इंग्लंडच्या लॉर्ड्स सभेतही जुना प्रघात असा की, बहुमताविरुद्ध मत देणाऱ्या सभासदाने आपला कारणांसह ‘प्रोटेस्ट’ सभेच्या दप्तरात नोंदवावा. ठराव त्यामुळे बदलत नसे; पण ठराव सर्वानुमते झाला, असे इतिहासाला म्हणता येत नसे.

अशा रीतीने अर्थ सरकत गेला. ‘मी हे उघड सांगतो’ यातून ‘मी हे मान्य करीत नाही असे उघड सांगतो’, आणि त्यातून ‘मी विरुद्ध आहे’. आजचा इंग्रज या क्रियापदापुढे ‘विरुद्ध’ अशा अर्थाचे शब्दयोगी अव्यय जोडतो. अमेरिकन मनुष्य तेही गाळून सरळ निर्णयालाच कर्म करतो. उच्चारातही भेद आहे. नाम असेल तर आघात ‘प्रो’वर, क्रियापद असेल तर ‘टेस्ट’वर, म्हणजे नेमका साक्षीवर पडतो.

आता आपल्या शब्दाकडे येऊ. ‘निषेध’ हा शब्द ‘नि’ या उपसर्गासह ‘सिध्’ या धातूपासून झाला. हाकून लावणे, वारणे, मागे परतविणे हा त्याचा अर्थ. मीमांसाशास्त्रात विधी आणि निषेध अशी जोडी आहे. अमुक करावे हा विधी. अमुक करू नये हा निषेध. म्हणजे निषेध ही आज्ञा आहे. ती करण्याचा अधिकार शास्त्राला, राजाला, घरातल्या वडीलधाऱ्याला. ज्याच्या हाती मनाई करण्याची सत्ता आहे, तो निषेध करतो. पुढे सभा, ठराव आणि वृत्तपत्रे यांच्या काळात ‘जाहीर निषेध’ हा प्रयोग रुळला आणि त्या शब्दाला धिक्काराची धार आली. पण मुळातला अधिकाराचा सूर त्यातून गेलेला नाही. लॅटिन शब्द साक्षीदाराचा आणि संस्कृत शब्द शास्त्याचा, हा दोहोंमधील भेद आहे. धाकट्या बहिणीला थोरल्या भावाचा ‘निषेध’ करताना संकोच वाटला, तो केवळ भिडस्तपणा नव्हे. तिच्या कानाला शब्दाचे मूळ ऐकू आले.

हा भेद गुहागर तालुक्याने एकदा फार जवळून पाहिला आहे. १९९० नंतरच्या दशकात अंजनवेल परिसरात एन्रॉनच्या दाभोळ वीजप्रकल्पाचे काम चालू असता आसपासच्या गावांतील लोकांनी, वेलदूरच्या कोळी कुटुंबांनी, जमीन, पाणी व मासेमारी यांच्या काळजीने मोर्चे काढले, धरणी धरली. त्याला सर्वांनी निषेध म्हटले. त्याच वेळी सरकारने जमावबंदीचे मनाई हुकूम काढले आणि १९९७ मध्ये अनेक स्त्रीपुरुषांना अटक झाली. संस्कृत व्युत्पत्तीने पाहिले तर त्या दिवसांत खरा ‘निषेध’ सरकार करीत होते, कारण मनाई करण्याची सत्ता त्याच्याकडे होती. आणि लोक करीत होते तो लॅटिन अर्थाचा ‘प्रोटेस्ट’, कारण त्यांच्यापाशी साक्षीवाचून दुसरे साधन नव्हते. प्रकल्प त्यांच्या मोर्चांनी थांबला नाही. तो २००१ मध्ये बंद पडला, तो विजेच्या दराच्या व पैशांच्या वादातून. परंतु १९९७ मध्ये अॅम्नेस्टी इंटरनॅशनलने व १९९९ मध्ये ह्यूमन राइट्स वॉचने जे अहवाल प्रसिद्ध केले, त्यांत या गावकऱ्यांच्या जबान्या उतरल्या. आज त्या घटनांविषयी कोणी काही लिहावयास बसला, तर त्याला त्या जबान्या वगळून पुढे जाता येत नाही.

निषेधाखेरीज आपल्या भाषेत आणखी शब्द आहेत, आणि प्रत्येकाची चाल निराळी आहे. ‘विरोध’ म्हणजे रोधणे, वाट अडविणे. इंग्रजी ‘ऑपोज’ म्हणजे समोर आणून ठेवणे. दोन्हींत धोंडा आडवा टाकल्याचा भाव आहे. ‘आक्षेप’ म्हणजे अंगावर फेकणे. आणि नवल असे की इंग्रजी ‘ऑब्जेक्ट’ या क्रियापदाचा लॅटिन अर्थही तोच, समोर फेकणे. दोन दूरच्या भाषांना एकच कल्पना सुचली. ‘तक्रार’ हा अरबी शब्द. त्याचा मूळ अर्थ पुनरुक्ती, तेच तेच पुन्हा सांगणे. ज्यांच्या घरी तक्रारखोर पाहुणे येतात त्यांना ही व्युत्पत्ती पटवून देण्याची गरज नाही. ‘हरकत’ हाही अरबी. मूळ अर्थ हालचाल. गाण्यातील हरकतीत तो अर्थ अजून शुद्ध राहिला आहे. व्यवहारात मात्र हालचालीची हरकत अडथळा झाली, आणि ‘काही हरकत नाही’ हे तर आपल्या घराघरांतील सौजन्याचे वाक्य होऊन बसले आहे. आपण दिवसातून दहा वेळा हरकत नसल्याचे सांगतो. हरकत आहे असे सांगण्याचा प्रसंग आला म्हणजे मात्र शब्द सापडत नाही.

तो शब्द शांतपणे कसा सांगावा, याचे उदाहरण हेदवीच्याच तालुक्यात जन्मलेल्या एका पुरुषाने घालून दिले आहे. नामदार गोपाळ कृष्ण गोखले यांचा जन्म ९ मे १८६६ रोजी कोतळूक येथे झाला. १९०१ मध्ये ते मुंबईच्या कायदेमंडळात असताना सरकारने जमीनमहसूल कायद्यात दुरुस्ती आणली. सारा थकून सरकारजमा झालेली जमीन पुन्हा देताना ती विकण्याचा वा गहाण टाकण्याचा हक्क शेतकऱ्यास नसावा, असा तिचा रोख होता. विधेयकावर लोकांची मते मागवावीत, घाई करू नये, ही सर फिरोजशहा मेहता यांची सूचना सरकारी बहुमताने फेटाळली. तेव्हा मेहता व इतर काही सभासद सभागृह सोडून गेले. गोखलेही उठले. परंतु जाण्यापूर्वी त्यांनी सांगितले की, हे पाऊल आपण मोठ्या नाखुशीने उचलीत आहोत. गव्हर्नरसाहेबांचा वा त्यांच्या सहकाऱ्यांचा व्यक्तिशः अनादर करण्याचा हेतू नाही. कर्तव्य म्हणून जात आहोत. विधेयक मंजूर झाले. पण लोकनियुक्तांची त्याला संमती होती, असे म्हणण्याचा मार्ग बंद झाला. आवाज न चढविता, समोरच्याचा मान राखून, आणि तरीही संदिग्धता न ठेवता नकार देता येतो, हे या प्रसंगाने दाखविले.

कायदेमंडळातील पुरुषांना हे सोपे होते, घरातील स्त्रीला कोठे जमावयाचे, असे कोणी म्हणेल. त्यांनी मुंबईच्या रखमाबाईंचे स्मरण करावे. अकराव्या वर्षी, संमती विचारल्यावाचून झालेले लग्न आपल्यावर बंधनकारक नाही, म्हणून त्यांनी पतीकडे नांदावयास जाण्याचे नाकारले. १८८४ मध्ये पतीने दावा लावला. १८८५ मध्ये त्यांनी ‘एक हिंदू स्त्री’ अशा टोपणनावाने टाइम्स ऑफ इंडिया पत्रात पत्रे लिहून बालविवाहाने स्त्रीचे काय होते ते मांडले. न्यायालयात मात्र त्या स्वतःच्या नावानिशी उभ्या होत्या. त्या वर्षीचा निकाल त्यांच्या बाजूने लागला, तो अपिलात फिरला, आणि १८८७ च्या मार्चमध्ये पतीकडे जा नाहीतर सहा महिने तुरुंगात जा, असा हुकूम झाला. त्यांनी तुरुंगाची तयारी दाखविली. १८८८ मध्ये दोन हजार रुपयांवर तडजोड होऊन प्रकरण मिटले. पुढे त्या विलायतेत शिकून डॉक्टर झाल्या व सुरत आणि राजकोट येथे त्यांनी दीर्घकाळ रुग्णसेवा केली. त्यांनी कोणाची वाट अडविली नाही, कोणावर काही फेकले नाही. ‘मला विचारले नव्हते’ ही एकच साक्ष त्या चार वर्षे देत राहिल्या.

हेदवीच्या भगिनींचे म्हणणेही नेमके हेच आहे : मला विचारले नाही. म्हणून आता त्यांच्या सहीचा विचार करू.

‘अंडर प्रोटेस्ट’ म्हणजे ‘हरकत राखून’. कायद्याने या शब्दांना काही ठिकाणी खरोखर बळ दिले आहे. १८९४ च्या भूसंपादन कायद्याच्या कलम ३१ मध्ये असे होते की, नुकसानभरपाईची रक्कम अपुरी वाटत असेल तर ती हरकत राखून घेता येते. पण तशी नोंद न करता जो घेईल, त्याला पुढे वाढीव रकमेसाठी न्यायालयाकडे जाता येणार नाही. १ जानेवारी २०१४ पासून त्या कायद्याची जागा नव्या कायद्याने घेतली, त्यातही ही तरतूद आहे. दोन शब्द लिहिले म्हणून हक्क राहिला, न लिहिले म्हणून गेला, इतका येथे फरक पडतो.

परंतु भाच्याचा सल्ला हक्कसोडपत्राला जसाच्या तसा लागू करू नये. पैसे घेणे आणि हक्क सोडणे यांत अंतर आहे. भरपाई घेताना रक्कम घ्यावी आणि ‘ही पुरेशी नाही’ असे म्हणावे, यात विसंगती नाही. हक्कसोडपत्राचा मात्र प्राणच मुळी संमती हा आहे. ‘मी हक्क सोडते’ आणि ‘मला हे मान्य नाही’ ही दोन वाक्ये एका कागदावर नांदत नाहीत. नोंदणी झालेल्या कागदावरील सही बोलते, समासातील दोन शब्द कदाचित ऐकूही येणार नाहीत. मनात हरकत असेल तर सही करू नये, हाच सरळ मार्ग.

सही न केल्याने भांडण होते, ही समजूतही तपासून पाहावी. महाराष्ट्राने १९९४ मध्ये, व केंद्र सरकारने ९ सप्टेंबर २००५ पासून, मुलीला वडिलोपार्जित एकत्र मिळकतीत मुलाप्रमाणे जन्मतः हक्क दिला. ११ ऑगस्ट २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की, २००५ च्या त्या तारखेस वडील हयात असलेच पाहिजेत असे नाही. तेव्हा बहीण काही मागावयास आलेली नाही; जे आहे ते सोडावे की नाही, हे तिला ठरवावयाचे आहे. तसेच जमिनीच्या फेरफाराची नोंद धरली म्हणजे १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम १५० प्रमाणे हितसंबंधितांना नोटीस द्यावी लागते, आणि हरकत घेण्यास पंधरा दिवसांची मुदत असते. हरकत आली की ती तक्रारींच्या नोंदवहीत चढते व अधिकारी चौकशी करून निर्णय देतो. नोटीस आली असता ‘दादा बघेल’ म्हणून ती फडताळात ठेवणे, ही आपल्या घरांतील सर्वांत महाग पडणारी भिडस्ती आहे. प्रत्यक्ष कागद करण्यापूर्वी भगिनींनी जाणत्या वकिलास एकदा अवश्य दाखवावा; शब्दांच्या चर्चकाचे काम येथे संपते.

मात्र वकिलाच्या आधी एक पत्र भावाला जावे. ‘ती. दादांस सा. न. वि. वि.’ अशीच त्याची सुरुवात असावी. त्यात एवढेच लिहावे की, वाटा मागण्यासाठी हे लिहीत नाही; पण राजीखुशीने सोडले असे जे लिहिले जाणार आहे, ते आज खरे नाही; मला विचारावे, मग मी विचार करून सांगेन. तारीख घालावी व प्रत जवळ ठेवावी. मौन म्हणजे संमती असा आपल्याकडे समज आहे. तारखेसह लिहिलेल्या चार ओळींपुढे तो टिकत नाही. आणि विचारल्यावर त्या भगिनींनी आपण होऊन सगळे आगर भावांना दिले, तर ते देणे ठरेल. न विचारता घेतलेल्याला देणे म्हणत नाहीत.

राहिला मराठी प्रतिशब्द. सत्ताधाऱ्याच्या कृत्याचा सभेत धिक्कार करावयाचा असेल, तर ‘निषेध’ हा शब्द आता पक्का झाला आहे. तो खुशाल वापरावा. ठराव हाणून पाडावयाचा असेल तेथे ‘विरोध’. युक्तिवादातील दोष दाखवावयाचा असेल तेथे ‘आक्षेप’. सभासदाने निराळे मत कागदावर आणावयाचे असेल तेथे ‘भिन्नमत’. परंतु जेथे नाते राखावयाचे आहे, निर्णय आपल्या हाती नाही, आणि तरी आपले म्हणणे चारचौघांसमोर लिहून ठेवावयाचे आहे, तेथे ‘हरकत नोंदविणे’ हाच प्रयोग आम्हांस सर्वांत जवळचा वाटतो. त्यातील ‘नोंदविणे’ या क्रियापदात लॅटिन साक्षीदार बराचसा येऊन बसतो. निर्दोषतेच्या वाक्यात मात्र ‘निक्षून सांगणे’ लिहावे.

जाता जाता भगिनींच्या पत्रातील ‘राजीखुशी’ या शब्दाने आणखी एक शब्द आठवला. मराठेशाहीच्या कागदपत्रांत वादी व प्रतिवादी पंचांपुढे ‘राजीनामा’ लिहून देत, म्हणजे निवाडा होईल तो आम्हांस मान्य आहे अशी कबुली देत. राजी असल्याचा तो कागद आज नोकरी सोडण्याचा, आणि पुष्कळदा नाराजीचा, कागद कसा झाला, हे पुढील अंकी पाहू.